स्पोर्ट्स कारला नवे अलॉय घेताय? टायरचा साइज असा ठरवा

बहुतेक नवे मालक क्रम उलटा धरतात. डोळ्यांत भरलेली रिम आधी घेऊन टाकतात आणि मग तिच्यावर कोणता टायर बसेल, तो मडगार्डला घासेल का, याची चौकशी सुरू होते. तोवर पैसे गेलेले असतात आणि जो साइज बसेल तो गोड मानून घ्यावा लागतो. रस्त्याला टेकतो तो टायर. ब्रेक, वळण, पावसातली पकड हे सगळं त्याच्याच जिवावर चालतं. म्हणून गाडीला काय झेपतं ते आधी बघायचं, मग टायर ठरवायचा आणि त्या टायरला साजेशी रिम शेवटी घ्यायची. रिम आधीच घरी येऊन पडली असेल तरी खालचा हिशोब तोच, फक्त निवडीला वाव कमी.

हिशोब हवेत राहू नये म्हणून एकच गाडी धरून चालू: २०१२ मध्ये आलेली टोयोटा जीटी८६. हिच्या बऱ्याच आवृत्त्यांना कारखान्यातूनच १७ इंची, ७ इंच रुंद, ४८ ऑफसेटची रिम आणि तिच्यावर २१५/४५ आर१७ टायर मिळत असे (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येईलच). तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदला, रीत तीच.

दाराजवळचा स्टिकर आधी वाचा

चालकाचं दार उघडलं की बाजूच्या खांबावर किंवा दाराच्या कडेला कंपनीचा स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडतो. त्यावर मूळ टायरचा साइज आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. गाडी जुनी घेतली असेल तर सध्या लागलेल्या टायरवरून मूळ साइज ठरवू नका, कारण आधीच्या मालकानं काय बसवलं असेल ते सांगता येत नाही. स्टिकरवरचाच साइज खरा धरा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

आता त्यावरचे आकडे. २१५/४५ आर१७ ८७डब्ल्यू असं लिहिलं असेल तर २१५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ही रुंदी फुगलेल्या टायरच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मोजतात. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंद असतो. ४५ म्हणजे भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल, १७ हा रिमचा इंचांतला व्यास. ८७ हा भाराचा निर्देशांक आणि डब्ल्यू वेगाची श्रेणी. या शेवटच्या दोन गोष्टींकडे बरेच जण बघतही नाहीत. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

व्यास जुळवा

टायरचा पूर्ण व्यास काढायला कागद-पेन पुरतं. रुंदीला टक्केवारीनं गुणून भिंतीची उंची काढा, ती दुप्पट करा आणि त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी.

जीटी८६चा मूळ टायर: २१५ च्या ४५ टक्के म्हणजे ९६.७५. दुप्पट केले की १९३.५. त्यात १७ इंचांचे ४३१.८ मिळवले की ६२५.३ मिमी. हा आकडा तुमचा खुंटा. नवा साइज याच्या जितका जवळ राहील तितकं बरं.

समजा तुम्हाला १८ इंची रिम हवी आहे. २१५/४० आर१८ चा व्यास येतो ६२९.२, म्हणजे मूळपेक्षा ०.६ टक्के जास्त. याच गाडीच्या पुढच्या पिढीला, जीआर८६ला, कंपनीनं १८ इंची रिमवर हाच साइज दिला आहे. २४५/३५ आर१८ चा व्यास ६२८.७, तोही जवळच. लोक हमखास घेतात तो २२५/४० आर१८ मात्र ६३७.२ वर जातो, म्हणजे १.९ टक्के जास्त. २३५/४० आर१८ तर ६४५.२, म्हणजे ३.२ टक्के जास्त.

तीन टक्क्यांपर्यंत चालतं, असं सगळीकडे सांगितलं जातं. माझ्या मते स्पोर्ट्स कारला तेवढी सूट देऊ नये. दीड टक्क्याच्या आत राहा, फार तर दोन. कारण व्यास वाढला की गाडीचे सगळे गिअर लांब होतात. इंजिन तेच, पण प्रत्येक गिअरमध्ये ओढ थोडी मंदावते, आणि ज्या गाडीची मजाच तिच्या चपळपणात आहे तिथे हे लगेच जाणवतं. शिवाय व्यास २० मिमीनं वाढला की टायरचा माथा मडगार्डच्या आणखी १० मिमी जवळ जातो.

स्पीडोमीटरचंही असंच. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ ज्या देशांत पाळला जातो तिथे काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं चालत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतं. म्हणून कंपन्या काटा मुळातच किंचित पुढे ठेवतात. मोठ्या व्यासाचा टायर ही शिल्लक खाऊन टाकतो. २३५/४० आर१८ लावल्यावर काटा पूर्वीसारखाच १०० दाखवेल, पण गाडी पूर्वीपेक्षा ३.२ टक्के जोरात धावत असेल.

व्यास कमी केला तर उलटं होतं. गिअर आखूड होतात, गाडी चटकन उठते, पण जमिनीपासूनची उंची घटते आणि महामार्गावर इंजिन जास्त फिरत राहतं. फक्त ट्रॅकवर चालवणारे काही जण हे मुद्दाम करतात. रोजच्या गाडीला तसं करायचं कारण नाही.

रिम खरंच मोठी हवी का?

हा प्रश्न आत्ताच विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. व्यास तोच ठेवून रिम एक इंचानं वाढवली की साइडवॉल साधारण अर्ध्या इंचानं कमी होते. २१५/४५ आर१७ ची भिंत ९७ मिमीच्या आसपास आहे, २४५/३५ आर१८ ची ८६. वळणावर टायर कमी मुरडतो आणि स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद मिळतो, हा फायदा खरा आहे. पण खड्ड्यात आदळल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. ते अपुरं पडलं की टायर चिमटून फुटतो किंवा रिमची कड वाकते.

वजनाचाही विचार करा. मोठी रिम बहुधा जड असते, आणि तिचं वजन चाकाच्या बाहेरच्या घेराकडे सरकलेलं असतं. ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. सस्पेन्शनच्या खालचं वजन वाढलं की खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहत नाही.

माझा सल्ला सरळ आहे: चालवण्यासाठी गाडी घेतली असेल तर ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) ज्या सर्वांत लहान रिममध्ये मावतो तीच रिम घ्या, फक्त थोडी रुंद आणि हलकी बघा. जीटी८६ला १७ इंची, ८ इंच रुंद रिम आणि २२५/४५ आर१७ ही जोडी मला सर्वांत समजूतदार वाटते. व्यास ६३४.३, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. दिसायला १८ इंची आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त गाडी त्यानं आपोआप वेगवान होत नाही, हे ठाऊक असू द्या.

रुंदी वाढवताना हात आवरता घ्या

जास्त रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे अर्धं खरं आहे. टायर रस्त्याला किती क्षेत्रफळावर टेकतो हे मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा यांवर ठरतं. रुंद टायर घेतला की हा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणावर त्याचा फायदा मिळतो आणि उष्णता जास्त रबरावर वाटली जाते, म्हणून ट्रॅकवर रुंद टायर लवकर थकत नाही. पण हलक्या गाडीला अति रुंद टायर लावला तर रस्त्यावरच्या चालीत तो धड तापतच नाही. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो. आणि रस्त्यावर खाचा असतील तर स्टिअरिंग त्यांच्यामागे ओढलं जातं.

टायरची जातही इथे मोजावी लागते. चांगल्या रबराचा २१५ साध्या २४५ ला सहज मागे टाकू शकतो. जीटी८६लाच कारखान्यातून मिशलिनचा प्रायमसी एचपी हा साधा, शांत चालीचा टायर दिला होता. अभियंत्यांनी तो मुद्दाम निवडला, कमी वेगातही गाडीचा तोल चालकाला जाणवावा म्हणून. तिथे साइज तोच ठेवून नुसता चांगला स्पोर्ट्स टायर घातला तरी गाडीत केवढा तरी फरक पडतो. त्यामुळे नवख्यांनी आधी रबर सुधारावं आणि रुंदी एका पायरीनंच वाढवावी. २१५ चे २२५ करा. थेट २४५ वर जायचं असेल तर ट्रॅकचं ठोस कारण असू द्या.

रिमची रुंदी आणि टायर यांची जोडी

प्रत्येक टायर साइजला किती रुंद रिम चालते याची मर्यादा ठरलेली असते, आणि टायर कंपनीच्या माहितीपत्रकात ती छापलेली असते. २१५/४५ आर१७ ला ७ ते ८ इंच. २२५/४५ आर१७ ला ७ ते साडेआठ. २२५/४० आर१८ ला साडेसात ते ९. २४५/४० आर१७ ला ८ ते साडेनऊ. याच मर्यादेत एक मोजमापाची रिम असते, जिच्यावर टायरची रुंदी मोजलेली असते. तिच्या जवळपास किंवा अर्धा इंच जास्त रुंद रिम घेतली तर टायरची भिंत सरळ उभी राहते आणि वळणावर टायर उत्तम काम करतो.

रिम फार अरुंद असेल तर टायर फुग्यासारखा बाहेर येतो, वळणावर भिंत लोळते आणि मधला पट्टा आधी झिजतो. उलट, दिसायला छान म्हणून अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवायची हौस काही जणांना असते. मला ती अजिबात मान्य नाही. टायरची कड रिमला नीट धरून राहत नाही, हवा थोडी कमी झाली आणि वळणावर जोर आला की ती सुटू शकते. रिमची कडही उघडी पडते. माहितीपत्रकात न बसणारी जोडी कुणी बसवून देत असेल तरी घेऊ नका.

मोजमापाच्या रिमपेक्षा रिम अर्ध्या इंचानं बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीनं बदलते. आणि सगळ्या कंपन्यांचे २२५ सारखे नसतात. एकाचा खांदा गोल, दुसऱ्याचा चौकोनी, तिसऱ्याला रिम वाचवणारी जाड कड. जिथे जागा मिलिमीटरमध्ये मोजावी लागते तिथे त्या ठरावीक मॉडेलची प्रत्यक्ष रुंदी बघा.

ऑफसेट: टायर बाहेर किती, आत किती

रिम हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला, जिथे टेकते तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. रिमवर तो ईटी ४८ असा लिहिलेला असतो. आकडा मोठा तितकी रिम आत, लहान तितकी बाहेर.

इथे बहुतेक जण रिमच्या कडा मोजतात आणि फसतात, कारण घासतो तो टायर. म्हणून टायरच्या रुंदीवर हिशोब करा. मूळ टायर ७ इंची रिमवर प्रत्यक्षात साधारण २१३ मिमी भरतो. त्याचा निम्मा १०६.५. त्यातून ऑफसेट ४८ वजा केला की बाहेरची बाजू ५८.५, मिळवला की आतली १५४.५. आता नवी जोडी घ्या: १८ इंची, ८ इंच रुंद, ईटी ४५ रिम आणि २२५/४० आर१८. हा टायर ८ इंची रिमवर साधारण २३० मिमी भरतो. निम्मा ११५. बाहेर ७०, आत १६०. म्हणजे टायर मूळपेक्षा साडेअकरा मिमी बाहेर आणि साडेपाच मिमी आत सरकेल.

हे दोन आकडे हातात घेऊन गाडीपाशी जा. जुनं चाक लागलेलं असतानाच आत स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि टायर यांच्यात किती फट आहे ते मोजा. आत साडेपाच मिमी सरकणार असेल तर त्यानंतरही किमान तेवढीच फट उरली पाहिजे, कारण चालत्या गाडीचा टायर लवचिक असतो. बाहेरची बाजू मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून बघता येते. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणं अनेक देशांत बेकायदा आहे. तुमच्याकडचा नियम आणि विम्याची अट आधीच विचारून घ्या.

टायर बाहेर नेण्याच्या मोहात ऑफसेट फार कमी करू नका. २५ किंवा २० ऑफसेटची रिम भरदार दिसते, पण स्टिअरिंगची भूमिती बिघडते. ब्रेक मारताना किंवा एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हाताला ओढ देतं, आणि बेअरिंगवर जादा ताण येतो. मूळ ऑफसेटपासून पाच-दहा मिमीच्या आत राहिलेलं बरं.

भार आणि वेग

भाराचा निर्देशांक ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो. ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. नवा टायर मूळ निर्देशांकाच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. लहान भिंतीच्या टायरमध्ये हवा मावते कमी, म्हणून अनेकदा एक्सएल खुणेचे मजबूत टायर घ्यावे लागतात. त्यांची एक गोम आहे: साधा टायर आपला पूर्ण भार २.५ बारला, म्हणजे सुमारे ३६ पीएसआयला पेलतो. एक्सएलला त्यासाठी २.९ बार, म्हणजे सुमारे ४२ पीएसआय लागतात. त्यामुळे निर्देशांक सारखाच असलेला एक्सएल टायर जुन्याच दाबावर मूळ टायरएवढा भार पेलत नाही. तो वरच्या निर्देशांकाचा घ्या किंवा टायर कंपनीच्या तक्त्यातून नवा दाब काढा.

वेगाच्या श्रेणीत व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. इतक्या वेगानं जायचं नसलं तरी मूळ श्रेणी सोडू नका. ती टायरच्या बांधणीची आणि उष्णता सोसण्याच्या ताकदीचीही खूण आहे. रिमचीही भारक्षमता असते, बहुधा आतल्या बाजूला कोरलेली. ती सापडत नसेल तर रिम घेऊ नका.

पुढे-मागे वेगळा साइज

कंपनीनं चारही चाकं सारखी दिली असतील तर तशीच ठेवा. टायर पुढे-मागे फिरवता येतात आणि गाडीचा तोल कंपनीनं बसवलेलाच राहतो. फक्त मागे रुंद टायर घातले तर पुढची पकड तुलनेनं कमी पडते आणि वळणात गाडीचं नाक बाहेर जातं. जीटी८६सारख्या गाडीत हे करणं म्हणजे तिचा स्वभावच बदलणं.

पोर्शे ९११सारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी. इंजिन मागे असल्यानं त्यांना मुळातच वेगळे साइज असतात. ९९२ पिढीच्या कॅरेराला पुढे २३५/४० झेडआर१९ आणि मागे २९५/३५ झेडआर२०. अशा गाडीत पुढच्या-मागच्या व्यासांतलं मूळ नातं टिकवून साइज बदला. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर हे फारच काटेकोर पाळावं लागतं. निस्सान जीटी-आर आर३५ला पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५, दोन्ही २० इंची. हिशोब करा: ७१२ आणि ७०७.५ मिमी. रुंदी वेगळी, व्यास जवळपास सारखा. हे नातं बिघडलं तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डिफरेन्शियल सतत घसटत राहतो, तापतो आणि शेवटी जातो. एबीएस आणि स्थिरता राखणारी यंत्रणाही चाकांच्या फिरण्याची तुलना करूनच काम करते.

पैसे देण्याआधी आणि बसवताना

पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, तंतोतंत जुळला पाहिजे. जीटी८६ला ५ x १००. हबच्या मधल्या भोकाचा व्यास हिच्यात ५६.१ मिमी आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१ असतं. मधली फट भरणारी रिंग घ्या, नाहीतर रिम नेमकी मध्यावर बसत नाही आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. नटची बैठक शंकूसारखी की गोल, हे रिमप्रमाणे बघा. चुकीच्या बैठकीचा नट घट्ट वाटतो, पण पकडत नाही.

रिमवर टायर चढवण्याआधी नुसती रिम गाडीला लावून बघा. स्पोक आणि कॅलिपर यांच्यात फट आहे का? व्यास पुरेसा असूनही स्पोकच्या आकारामुळे रिम कॅलिपरला अडते, हे मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत सर्रास होतं. मऊ मातीची चपटी गोळी कॅलिपरवर चिकटवा, चाक हातानं फिरवा आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजा. तीन मिमीपेक्षा पातळ झाली असेल तर ती रिम नको.

मग एकच टायर चढवून चाक लावा. गाडी स्टँडवर भक्कम टेकवून सस्पेन्शनच्या आर्मखाली जॅक लावून चाक वर दाबा आणि त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. पुढच्या मडगार्डच्या प्लॅस्टिक अस्तराची मागची कड, बंपर जिथे मडगार्डला जुळतो तो कोपरा आणि मागच्या मडगार्डची आत वळलेली पत्र्याची धार, घासतं ते याच ठिकाणी. गाडी खाली घेतलेली असेल किंवा पुढे घेणार असाल तर ही तपासणी त्याच उंचीवर करा. एकदा वापरलेला टायर दुकानदार परत घेत नाही, म्हणून एकावर खात्री होईपर्यंत बाकीचे तीन चढवू नका.

नवे टायर घेताना भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे असावेत. बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्या, नट टॉर्क रेंचनं कंपनीच्या आकड्याला आवळा आणि पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पहिले काही शे किलोमीटर हलक्या हातानं चालवा, कारण नव्या रबराची पकड हळूहळू खुलते.

हवेचा दाब स्टिकरवरच्या आकड्यापासून सुरू करा, एक्सएल असेल तर तक्त्यातल्या. दोन-तीन आठवड्यांनी खडूनं टायरच्या पट्ट्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढा आणि थोडं अंतर सरळ चालवा. मधली रेघ आधी पुसली गेली तर हवा जास्त आहे. दोन्ही कडांची गेली तर कमी. एकाच कडेची गेली तर हवेला हात लावू नका, गाडी पुन्हा अलाइनमेंटला न्या.